कागदावरची कात्राबाई

रेंज ट्रेकचा पहिला मुक्काम नेहमी कुणाच्या तरी दिवाणखान्यात पडतो. तिथे पंखा असतो, पोहे असतात, टीपॉयवर नकाशा पसरलेला असतो आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर चहाचे चार कप ठेवलेले असतात. या मुक्कामात कुणाला दम लागत नाही. माणसं बोटाने दऱ्या ओलांडतात. "सकाळी सहज रतनगड उतरू, दुपारी सहज कात्राबाईची खिंड, दिवेलागणीच्या आत कुमशेत." पोह्यांवरची कोथिंबीर बाजूला सारत कुणीतरी असं म्हणतं आणि बाकीचे माना डोलावतात. खाली मांडी घालताना ज्यांच्या गुडघ्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जातो, तेही डोलावतात.

डोंगरात जाणाऱ्या बाईने कबूल करू नये असं म्हणतात, पण मला ट्रेकचा हा भाग फार आवडतो. प्रत्यक्ष ट्रेकमध्ये एकच वाट चालता येते. बेतात सगळ्या वाटा चालून होतात, शिवाय दोन वेळा चहा मिळतो.

यंदाचा बेत अकोले तालुक्यातला आहे. रतनवाडीतून रतनगड चढायचा आणि रात्री गडावरच्या गुहेत पाठ टेकायची. दुसऱ्या दिवशी खाली जंगलातल्या फाट्यावर येऊन कात्राबाईची खिंड धरायची आणि पलीकडे कुमशेतला उतरायचं. तिसऱ्या दिवशी आजोबाचा डोंगर मागे टाकत पाचनई आणि तिथून हरिश्चंद्रगड. मग टोलार खिंडीतून खिरेश्वर, खुबी फाटा आणि कल्याणकडे जाणारी मिळेल ती एस.टी. एवढंच. फोनवर बहिणीला सांगितलं तेव्हा अर्ध्या मिनिटात सांगून झालं. "बरं, आणि यात मजा काय?" असं तिने विचारलं, त्यालाच जास्त वेळ लागला.

बेताचं पहिलं हत्यार नकाशा नव्हे, कालनिर्णय. भिंतीवरून तो खाली उतरवला की आधी ऋतूंची छाटणी होते. पावसाळा बाद, कारण कात्राबाईच्या खिंडीत ढग उतरले की पुढच्या माणसाची सॅकसुद्धा दिसत नाही. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे पाहायला एवढी गर्दी होते, की काजव्यांनी माणसं पाहायला यावं. ऑक्टोबरात गवत डोक्याएवढं आणि ऊन त्याहून वर. मार्चनंतर पाणी नाही. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि नेमकं तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लागायला सुरुवात होते. आमच्या वयाच्या लोकांना आता मित्रांच्या लग्नांना जावं लागत नाही, त्यांच्या मुलांच्या लग्नांना जावं लागतं, आणि तिथे तर 'जमलं तर बघतो' म्हणायचीही सोय नाही.

लग्नं, कुणाची तरी ऑडिटची धावपळ आणि डॉक्टरांच्या ड्यूट्या वगळून जे दोन शनिवार-रविवार उरले, त्यांत चंद्रावरून भांडण झालं. अण्णांना पौर्णिमा हवी होती. हरिश्चंद्रगडाच्या पठारावर चांदण्यात फिरायचं हे त्यांचं जुनं स्वप्न, आणि त्यात बॅटरीचे सेलही वाचतात. डॉक्टरांना अमावास्या हवी होती, कारण कोकणकड्यावर आडवं होऊन तारे बघायला ते मुलाची दुर्बीण आणणार होते. तोडगा कालनिर्णयानेच काढला. कृष्ण सप्तमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो. अर्धी रात्र डॉक्टरांची, अर्धी अण्णांची. मध्यरात्री अण्णांना उठवायचं कुणी, हा मुद्दा पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला.

मंडळी कोण ते सांगायला हवं. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले, म्हणून साहजिकच त्यांच्याकडे हिशेब यायला हवा होता. पण 'आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजले, आता पुरे,' असं म्हणून त्यांनी जेवणखाण घेतलं. डॉक्टर औषधांपेक्षा पक्ष्यांकडे जास्त बघतात. एक मैत्रीण ऑडिटमध्ये आहे; तिने जगात कुठेही तीन माणसं जमली की चौथी गोष्ट एक्सेलची शीट असावी अशी व्यवस्था केली आहे. मी आहे. आणि पाचवा आहे तो आमचा टांगारू.

टांगारू प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. हा माणूस ट्रेकच्या आदल्या रात्री टांग देतो. कारणं खरी असतात: पाहुणे येतात, पाठ धरते, साहेब मीटिंग लावतात. पण बेत आखताना त्याच्याइतका उत्साही कुणी नसतो, आणि ज्याला यायचं नसतं त्यालाच सगळ्यात अवघड वाट हवी असते. टोलार खिंडीतून उतरणं त्याला फार मिळमिळीत वाटलं. "नळीची वाट उतरू की बेलपाड्याला!" म्हणाला. नळीची वाट म्हणजे कोकणकड्याच्या पोटातून कोकणात पडलेली दगडांची घसरगुंडी. ती चढताना माणसं आपापल्या कुलदैवताला आठवतात आणि उतरताना दुसऱ्यांच्याही. अण्णांनी शांतपणे आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघ्याने मत दिलं. टोलार खिंड मंजूर झाली.

टांगारूचंच दुसरं योगदान म्हणजे शीटमधली एक ओळ : 'दिवस ३, सायंकाळी ५:१५ ते ५:३०, इंद्रवज्र पाहणे.' कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली कोकणकड्यावरून ढगात उमटलेलं गोल इंद्रधनुष्य पाहिलं, ही गोष्ट डोंगरात जाणारा प्रत्येक जण कधीतरी ऐकतो. मध्यभागी आपलीच सावली आणि भोवती रंगांचं कडं. ते दिसायला खाली दरीत ढग लागतात आणि सूर्य पाठीशी लागतो. कोकणकडा तोंड करून उभा पश्चिमेला. म्हणजे संध्याकाळी सव्वापाचला सूर्य समोर, डिसेंबरात ढग नाहीत, आणि ज्याची सावली पडायची तो घरी. ऑडिटवाल्या मैत्रिणीने ती ओळ काढली नाही, फक्त पुढच्या रकान्यात 'पुरावा?' असं लिहिलं.

मग नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर, आणि उंचीच्या दोन रेषांमध्ये २० मीटरचा चढ. रेषा सुट्या सुट्या दिसल्या की पठार, जवळ आल्या की चढ, एकमेकींना चिकटल्या की कडा. कोकणकड्यापाशी तर त्यांचा इतका जाड तपकिरी पट्टा होतो, की छापणाऱ्याच्या हातून शाई सांडली असावी असं वाटतं. नकाशा वाचणं मला आवडतं, पण त्यावरून वेळ काढणं हे धाडस आहे. त्यासाठी आम्ही नेस्मिथसाहेबाचा नियम वापरतो. विल्यम नेस्मिथ हा स्कॉटलंडचा गिर्यारोहक. त्याने १८९२ साली सांगून ठेवलं, की सपाटीवर तासाला तीन मैल धरा आणि दर दोन हजार फूट चढाईला एक तास वाढवा. आपल्या मापात सांगायचं तर तासाला पाचेक किलोमीटर, आणि ६०० मीटर चढाला तासभर जादा.

या हिशेबाने रतनवाडीतून निघून आम्ही दोन-सव्वादोन तासांत रतनगडावर असतो. नेस्मिथ चुकला असं मी म्हणणार नाही. पण त्याने कारवीच्या रानातून पाठीवर टोप घेऊन चालणारे अण्णा पाहिले नव्हते. गणेश दरवाजाखाली लोखंडी शिडीशी उतरणाऱ्यांची रांग पाहिली नव्हती. आणि डॉक्टरांना स्वर्गीय नर्तक दिसला की ट्रेकला किती वेळ सुट्टी मिळते, हेही त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून आम्ही नेस्मिथच्या उत्तराची दुप्पट करतो आणि वर अर्धा तास 'किरकोळ' म्हणून धरतो. किरकोळमध्ये फोटो, लघुशंका, बुटाची नाडी आणि 'ही वाट तीच ना?' यावरची चर्चा येते.

याही पलीकडे डोंगरातलं आणखी एक माप आहे. वाटेत गुराखी भेटतो, त्याला विचारायचं, "दादा, खिंड किती लांब?" तो हनुवटीनेच दिशा दाखवतो : "ही काय, हितंच." त्याचं 'हितंच' खरंच असतं, पण ते त्याच्या पायांचं. पाठीवर काही नाही, पायात प्लास्टिकच्या चपला, आणि जन्मापासून ही वाट पायाखालची. शहरातल्या माणसाने त्या 'हितंच'ला तीनाने गुणावं. "जरा लांब हाय" असं म्हणाला, तर त्याच्याच घरी मुक्कामाचं विचारावं.

वेळेत थोडी सूट मिळते. पाण्यात अजिबात नाही. बेतातला हा एकच भाग असा आहे जिथे आमच्यात कुणी विनोद करत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, यात कुणालाही वशिला लावता येत नाही. माणशी तीन लिटर घेऊन निघायचं म्हटलं, की तिथेच तीन किलो झाले, अजून तांदळाचा दाणा सॅकमध्ये पडलेला नाही. म्हणून वाटेत पाणी कुठे आहे हे वाटेआधी ठरतं. रतनगडावर टाकी आहेत, हरिश्चंद्रगडावर पाण्याला तोटा नाही. केदारेश्वराच्या गुहेत तर पिंडीभोवती कमरेएवढं गारठलेलं पाणी आणि चारांपैकी शाबूत उरलेला एकच खांब. प्रश्न मधल्या दिवसाचा. कात्राबाईच्या खिंडीच्या अलीकडचं पाणी प्रवरेला जातं, पलीकडचं मुळेला. दोघी बहिणी एकाच डोंगराच्या दोन अंगांनी निघून पार नेवाशाकडे पुन्हा भेटतात, आणि त्यांच्यामधल्या त्या धारेवर उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र दोघींपैकी एकीचाही घोटभर उपयोग नसतो. खाली प्रवरेवर १९२६ साली विल्सन धरण बांधून झालं. त्याचा अख्खा जलाशय वर चढताना झाडीतून चमकत राहतो आणि तोंडाला कोरड आणतो. पाणी दिसणं आणि पाणी मिळणं यातला फरक कात्राबाई चांगला शिकवते.

जेवणखाण अण्णांकडे, हे सांगितलंच. अण्णांचं शास्त्र जुनं आहे. बाजारात मिळणाऱ्या, गरम पाणी ओतून फुगणाऱ्या पाकिटांना ते 'इस्पितळाचं' म्हणतात. त्यांचा पहिल्या दिवसाचा डबा ठरलेला : दशम्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या, दोन दिवस मऊ राहणाऱ्या, सोबत लसणाची कोरडी चटणी. रात्री मेतकूट-भात. तांदूळ माणशी दोन मुठी आणि एक मूठ टोपाला. टोपाची मूठ का, तर आपण नेहमी खालचा भात खरवडतो, त्याला तो हक्काचा हवा. भातावर तूप छोट्या बाटलीतून. आणि सांडगी मिरची. सांडगी मिरचीच्या बाबतीत अण्णा तडजोड करत नाहीत. "ती नसली तर मेतकूट-भात म्हणजे आजारपण," असं ते म्हणतात. मिरच्या तळून न्यायच्या की तिथे तळायच्या यावर मात्र बराच वेळ गेला. तळून नेल्या तर चुरा होतो, तिथे तळायच्या तर तेल न्यावं लागतं. शेवटी त्या तळून, स्टीलच्या डब्यात, वर टिश्यू पेपर घालून, डॉक्टरांच्या सॅकच्या अगदी वरच्या कप्प्यात द्यायचं ठरलं. प्रथमोपचाराची पेटी त्याखाली.

चुलीचा विषय लवकर मिटला. हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. तिथे लाकूड तोडून चूल पेटवणं शोभत नाही आणि चालतही नाही. छोटा गॅस आणि दोन डबे. अण्णा यावर खट्टू झाले, कारण धुराचा वास लागल्याशिवाय खिचडी पूर्ण होत नाही असं त्यांचं मत आहे. पण कायद्याचं नाव काढलं की निवृत्त बँकवाला वाद घालत नाही.

यानंतर सॅकचं वजन. ऑडिटवाल्या मैत्रिणीने स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला आणि प्रत्येक वस्तू ग्रॅममध्ये शीटवर चढवली. डॉक्टरांनी नियम सांगितला : सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जड नको. हा नियम ऐकून वजनदार माणसांचे चेहरे उतरले. आयकराचाच प्रकार हा, ज्याच्याजवळ जास्त त्याच्यावर जास्त बोजा. पंचाऐंशी किलोच्या अण्णांवर गॅस, टोप आणि तांदूळ आले आणि सडपातळ टांगारू जवळजवळ करमुक्त राहिला.

त्याच बैठकीत मी एका आजीबाईंची गोष्ट सांगितली आणि वातावरण बिघडवलं. एमा गेटवूड या अमेरिकी बाईंनी १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, अपालाचियन ट्रेल एकटीने पूर्ण केला. तीन हजार किलोमीटरहून लांब वाट. त्यांना अकरा मुलं. घरून निघताना त्यांनी पोरांना जरा चालून येते, एवढंच सांगितलं होतं. पायात कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली जाड कापडाची पिशवी, आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. गोष्ट संपली तेव्हा सगळे गप्प होते. मैत्रिणीने काट्यावर ठेवलेला, अर्धा दांडा कापलेला टूथब्रश हळूच उचलून पर्समध्ये टाकला. अण्णांनी मात्र विचारलं, "त्या जेवत काय होत्या?" सुका मेवा, बिस्किटं, वाटेत मिळालेली रानफळं, मी म्हणाले. "म्हणजे सांडगी मिरची नाही," अण्णा म्हणाले आणि टोप आपल्याकडे ओढून घेतला.

सामान वाटताना एक अलिखित नियम आम्ही पाळतो. टांगारूकडे अशी एकही वस्तू द्यायची नाही जिच्यावाचून अडेल. त्याला कळू न देता. मीठ नाही, काड्यापेटी नाही, दोरी नाही. यंदा त्याच्या वाट्याला पत्ते, एक जादा मॅट आणि खजूर आले. खजूर आले हे त्याला फार लागलं. "मला काही महत्त्वाचं द्या ना," म्हणाला. मैत्रिणीने लगेच शीटमध्ये त्याच्या नावापुढे 'मनोबल' असं लिहिलं. तो खूश झाला.

इथवर सगळं दिवाणखान्यात होतं. पण रेंज ट्रेकचा बेत दिवाणखान्यात पक्का होत नाही. तो पक्का होतो कुमशेतच्या वाटाड्या मामांच्या फोनवर.

अमेरिकेत १९६४ साली रानासाठी वेगळा कायदा झाला. जिथे माणूस नुसता पाहुणा असतो, वस्तीला राहत नाही, त्याला त्यांनी रान ठरवलं. मोठी सोय आहे ती. तिकडे परवाना काढावा, काही डोंगरांत अस्वलाला उघडता येणार नाही असा डबा पाठीला बांधावा आणि निघावं. कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. आमच्या रानात मात्र पाहुणे आम्ही असलो तरी यजमान घरी असतात. कात्राबाईच्या पायथ्याशी महादेव कोळ्यांची, ठाकरांची घरं आहेत, त्यांची भाताची खाचरं आहेत, त्यांच्या देवांची नावं डोंगरांना आहेत. ज्या खिंडीला आपण दुर्गम म्हणून फोटोखाली लिहितो, तिथून त्यांच्या आज्या माहेरी गेल्या आहेत. मग न कळवता जाणं बरं दिसत नाही. शिवाय रात्री जेवायचं असतं.

मामांचा फोन लागतो, पण ते टेपावर गुरं घेऊन गेलेले असले तरच. संध्याकाळी साडेपाच ही खात्रीची वेळ.

"हॅलो, मामा?"

"कोन?"

"ठाण्याहून बोलतेय. मागं आलो होतो बघा, डॉक्टर होते बरोबर. आजींचा पाय बघितला होता."

"हां हां! डाक्टरवाल्या ताई! बोला की."

मी तारीख सांगितली. मग आमच्या शीटमधलं वेळापत्रक वाचून दाखवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं, मध्ये एकदा कुणा गाईला हाड्य केलं, आणि विचारलं, "रतनगडावरनं किती वाजता निघनार म्हनता?"

"सहाला."

"च्या पिऊन?"

"चहा पिऊन."

"मंग आठ." त्यांच्या आवाजात उपहास नव्हता, माणूस पावसाचा अंदाज सांगतो तसा सांगत होता. "आठला निघाला की फाट्यावर दहा-साडेधा. खिंडीत यायला दोन वाजत्याल. औंदा गवत लई वाढलंय, मधली वाट मोडल्याली हाय. तुमी खिंडीच्या खालती थांबा, सोता वर घुसू नका. मी येतो. झोडनी चालू आसंल, पर मी येतो. मला नाय जमलं तर पोरगं येईल."

म्हणजे नेस्मिथ, त्याची दुप्पट आणि किरकोळचा अर्धा तास हे सगळं मामांनी गाय हाकता हाकता दुरुस्त केलं. मी फोन कानाशी धरून दुसऱ्या हाताने शीटमधल्या वेळा खोडत होते. पुढची दुरुस्ती तांदळाची झाली. "तांदूळ कशापायी वाहता? आमचा हाय की. काळभात हाय औंदा." काळभात हा अकोल्याच्या डोंगराळ भागातला जुना, सुवासिक तांदूळ. अण्णांच्या सॅकमधून एका रात्रीच्या दहा मुठी आणि टोपाची एक अशा बाहेर निघाल्या. येताना काय आणू, असं मी विचारलं. आधी काही नको म्हणाले. मग म्हणाले, "म्हातारीला तो मलम, डाक्टरांनी दिल्याला, त्येची दुसरी टूप भेटली तर बघा."

आता राहिला पैशांचा विषय. कुठल्याही ट्रेकच्या अंदाजपत्रकात हा आकडा सगळ्यात अवघड. शेवटच्या कसारा लोकलचं तिकीट, कसारा स्टेशनाबाहेरच्या जीपचं भाडं, गॅसचे डबे, सगळं मांडता येतं. पण मामांना विचारलं, "मामा, तुमचं आणि जेवणाचं किती होईल?" की उत्तर येतं, "द्या काय द्यायचं ते." हे उत्तर ऐकून शहरातला माणूस घाबरतो. जास्त दिले तर पुढच्या ग्रुपचा भाव वाढवला म्हणून आपलेच लोक बोलतात. कमी दिले तर रात्री झोप लागत नाही. मग मागे जाऊन आलेल्यांना विचारायचं, तिघं तीन आकडे सांगतात, आणि आपण मधला देऊन समाधान मानतो, जणू मधला म्हणजे न्याय्यच. खरं तर मामा भिडेपोटी बोलत नाहीत आणि आपण सोयीपोटी विचारत नाही, हे दोघांनाही माहीत असतं. ऑडिटवाल्या मैत्रिणीने या रकान्यात तीन वेळा वेगवेगळे आकडे घालून शेवटी पिवळा रंग भरून ठेवला होता.

पण यंदा फोन मामांच्या हातून कुणीतरी घेतला.

"ताई, मी सून बोलतीय. जेवन ताटावर. च्या-नाश्ता येगळा. झोपायला ओसरी हाय, बायांना आतली खोली. वाटाड्याचा दिवसाचा येगळा दर, त्यो मी मेसेज करते. सामान उचलायचं आसंल तर आधी सांगा. फोनवर पैसे घेतो, कागद लावलाय दारात, पन रेंज नसती, म्हनून रोख आना. आन सुट्टे."

मी भराभर लिहून घेत होते. इतकं स्वच्छ अंदाजपत्रक आमच्या पाचही डोक्यांनी मिळून केलं नव्हतं.

"व्हेज का कोंबडी?"

"बघून सांगते."

"कोंबडी आसंल तर आदल्या दिशी सांगा. सांजच्याला खुराड्यात येतात तवाच धरता येतात. सकाळी सोडल्या की मंग रानात कोन पळनार त्यांच्यामागं?" मागून मामांचा आवाज आला, बहुधा फोन परत मागत होते. तिने दिला नाही. "आन ताई, किती जन म्हनालात?"

"पाच."

"नक्की पाच ना? मागच्या महिन्यात एका ग्रुपनी पंधरा सांगितले, आले नऊ. मी पहाटं चारला उठून भाकरी केल्या. दोन दिस आमीच खात व्हतो, ढोरांनी पन खाल्ल्या."

मी टांगारूचा चेहरा आठवला. "चार," मी म्हणाले. "किंवा पाच."

"मंग पाचाचे आधी पाठवा," ती म्हणाली. "चारच आलात तर पाचव्याच्या भाकरी बांधून दीन पाचनईला जाताना. वाया नाय जानार."

त्याच रात्री ग्रुपवर मी पैशांचं टाकलं. पिवळा रकाना पांढरा झाला. अण्णांनी पाठवले, डॉक्टरांनी पाठवले, मैत्रिणीने पाठवून पावती मागितली. टांगारूचे सगळ्यात आधी, दोनच मिनिटांत आले होते. खाली निरोप होता : "कोंबडी धरायला सांगा."